नवा लॅपटॉप फॉरमॅट मारला, तरी कंपनीचं सॉफ्टवेअर परत का येतं?

ऑफिससाठी नवा लॅपटॉप येतो. खोक्याचं सील फोडलं जातं, कुणीतरी हौसेनं हळद-कुंकूही लावतं आणि मशीन सुरू होतं. पहिल्या दहा मिनिटांतच खालच्या कोपऱ्यात चौकट उगवते : 'तुमच्या अँटिव्हायरसची मोफत मुदत ३० दिवसांत संपणार आहे.' त्यापाठोपाठ वॉरंटी वाढवून घ्या, क्लाउडवर जागा विकत घ्या, हा गेम खेळून बघा. एकही फाइल उघडण्याआधी पाच-सहा सूचना बंद कराव्या लागतात.

'साहेब, फॉरमॅट मारून कोरं विंडोज टाकून देऊ का?' लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातला मुलगा विचारतो. बहुतेक जण 'टाक' म्हणतात आणि विषय तिथंच संपतो.

पण तो तिथं संपतोच असं नाही. काही कॉम्प्युटरांत हार्ड डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्यानं टाकल्यावरही निर्मात्या कंपनीचं सॉफ्टवेअर आपोआप परत आलेलं आहे. आणि दुकानात टाकून मिळणारं 'कोरं' विंडोज दरवेळी कोरं असतंच असंही नाही.

हा प्रश्न आत्ता जास्त महत्त्वाचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सीएंची ऑफिसं, दवाखाने, क्लासेस, पतसंस्था, होलसेल दुकानं अशा अनेक ठिकाणी जुनी मशीन बदलावी लागत आहेत. कुणी नवीन घेतंय, कुणी सेकंड-हँड. त्याच मशीनवर पुढे जीएसटी रिटर्न भरले जाणार, बँकेचे व्यवहार होणार, ग्राहकांचे आधार-पॅन साठवले जाणार.

म्हणून हे समजून घ्यायला हवं की नव्या लॅपटॉपमध्ये आधीपासून काय असतं, ते कसं काढायचं आणि काढल्यावर खरंच जातं का.

हे सॉफ्टवेअर येतं कुठून?

विंडोज मायक्रोसॉफ्ट बनवतं, पण लॅपटॉप बनवते दुसरी कंपनी. ती कारखान्यात विंडोजची एक प्रत तयार करते. त्यात स्वतःचे ड्रायव्हर, अपडेट करणारी साधनं, मदत केंद्राचं ॲप आणि इतर कंपन्यांची ट्रायल सॉफ्टवेअर भरते. या तयार प्रतीला 'फॅक्टरी इमेज' म्हणतात. एका मॉडेलच्या हजारो मशीनवर हीच प्रत उतरवली जाते.

यामागे साधा हिशेब आहे. लॅपटॉपच्या धंद्यात नफ्याचं प्रमाण कमी असतं. आपलं ॲप आधीच भरलेलं मिळावं म्हणून अँटिव्हायरससारख्या कंपन्या पैसे मोजतात. ग्राहकाला लॅपटॉप थोडा स्वस्त पडतो आणि त्याची उरलेली किंमत तो स्क्रीनवरच्या चौकटी बंद करत फेडतो.

इथवरचा त्रास फक्त वेळेचा आणि मशीनच्या वेगाचा आहे. खरी अडचण दिसली ती २०१५मध्ये.

सुपरफिश प्रकरण काय होतं?

२०१४च्या उत्तरार्धात लेनोवोनं आपल्या काही घरगुती लॅपटॉपमध्ये सुपरफिश या कंपनीचं 'व्हिज्युअल डिस्कव्हरी' नावाचं सॉफ्टवेअर भरून विकलं. तुम्ही वेबसाइटवर एखादी वस्तू बघितली की तसल्याच वस्तूंच्या जाहिराती दाखवणं, हे त्याचं काम.

पण बऱ्याच वेबसाइट एन्क्रिप्टेड असतात. ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतं, ते त्यासाठीच. ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यात काय चाललंय, ते मधल्या कुणालाही वाचता येऊ नये, अशी ती व्यवस्था आहे. तिथंही जाहिरात घुसवता यावी म्हणून या सॉफ्टवेअरनं कॉम्प्युटरमध्ये स्वतःचं 'रूट सर्टिफिकेट' बसवलं. अमुक वेबसाइट खरी आहे की नाही, हे ब्राउझर अशा सर्टिफिकेटच्या भरवशावर ठरवतो. त्यामुळे बँकेच्या वेबसाइटपुढेही मध्ये बसलेलं हे सॉफ्टवेअर स्वतःचा शिक्का मारून देत होतं आणि ब्राउझर तो खरा मानत होता.

त्याहून मोठी चूक पुढे होती. शिक्का मारायला लागणारी गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच होती आणि ती लॅपटॉपमध्येच ठेवलेली होती. एखाद्या सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटना एकाच किल्लीचं कुलूप बसवावं आणि प्रत्येक फ्लॅटच्या खुंटीला ती किल्ली टांगून ठेवावी, तसा हा प्रकार. फेब्रुवारी २०१५मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या अमेरिकी सुरक्षा संशोधकानं काही तासांत तिचा पासवर्ड शोधून काढला. सुपरफिशनं वापरलेलं तंत्रज्ञान ज्या कंपनीचं होतं, त्या कंपनीचं नाव हाच तो पासवर्ड होता : 'कोमोडिया'.

याचा अर्थ असा की कॅफेतल्या किंवा विमानतळावरच्या वाय-फायवर बसलेला कुणीही माणूस अशा लॅपटॉपला खोटी बँक खरी म्हणून दाखवू शकत होता. सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं, तरी सर्टिफिकेट मागे राहत होतं.

'फोर्ब्स'च्या तेव्हाच्या वृत्तानुसार या व्यवहारातून लेनोवोला मिळालेली रक्कम दोन ते अडीच लाख डॉलरच्या आसपास होती. २०१७मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन आणि ३२ राज्यांशी झालेल्या तडजोडीत कंपनीनं राज्यांना ३५ लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. लॅपटॉपमध्ये आधी भरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी २० वर्षं सुरक्षा कार्यक्रम राबवण्याची आणि त्याची बाहेरच्या यंत्रणेकडून तपासणी करून घेण्याची अटही त्यात होती.

बिझनेस मॉडेल घेतलं तर हा त्रास टळतो का?

काही अंशी टळतो. सुपरफिश लेनोवोच्या थिंकपॅड या बिझनेस मालिकेत नव्हतं. बिझनेस मॉडेलमध्ये जाहिरातीचं आणि ट्रायलचं सामान साधारणपणे कमी असतं. मात्र 'बिझनेस' हा शब्द म्हणजे सुरक्षेचं हमीपत्र समजायला नको. याची दोन उदाहरणं आहेत.

पहिलं डेलचं. नोव्हेंबर २०१५मध्ये डेलच्या लॅपटॉपमध्ये 'ई-डेल-रूट' नावाचं रूट सर्टिफिकेट सापडलं. घरगुती मॉडेलबरोबर लॅटिट्यूडसारख्या ऑफिसच्या मॉडेलमध्येही ते होतं आणि इथंही गुप्त किल्ली मशीनमध्येच होती. ग्राहकानं मदतीसाठी संपर्क केल्यावर मॉडेल चटकन ओळखता यावं म्हणून ते बसवलं होतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. सर्टिफिकेट नुसतं डिलीट केलं, तर डेलच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा एक भाग ते पुन्हा बसवत होता. पुढे डेलनं ते काढण्याचं साधन दिलं.

दुसरं उदाहरण एचपीचं. मे २०१७मध्ये मॉडझिरो या स्विस कंपनीनं दाखवून दिलं की एचपीच्या एलिटबुक, प्रोबुक, झेडबुक या ऑफिसच्या मालिकांतल्या काही मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर कीबोर्डवरचं प्रत्येक बटण नोंदवत होता. माइक बंद-चालू करणारं बटण कधी दाबलं जातं, एवढंच त्याला बघायचं होतं. पण चाचणीसाठी लिहिलेला कोड काढायचा राहून गेला आणि पासवर्डसह जे काही टाइप होईल ते एका साध्या फाइलमध्ये उतरू लागलं. दर लॉगिनला ती फाइल पुसली जाऊन नव्यानं सुरू व्हायची. पण ज्या ऑफिसात रोज बॅकअप होतो, तिथं तिच्या जुन्या प्रती साठत जाण्याची शक्यता होती. ड्रायव्हर कोनेक्झंट या ऑडिओ चिप बनवणाऱ्या कंपनीचा होता. एचपीनं नंतर दुरुस्ती दिली.

या दोन्ही प्रकरणांत ग्राहकाची माहिती चोरण्याचा हेतू असल्याचं समोर आलेलं नाही. निष्काळजीपणा मात्र सरळ दिसतो. आणि फॅक्टरी इमेज एकच असल्यामुळे एका ठिकाणची चूक त्या मालिकेच्या सगळ्या मशीनवर जाते.

डेलच्या प्रकरणातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या व्यावसायिक ग्राहकांनी मशीन आल्यावर डेलचं ते सॉफ्टवेअर न घेता स्वतःचं विंडोज टाकलं होतं, त्यांना धोका नाही, असं कंपनीनं तेव्हा सांगितलं होतं. मोठ्या कंपन्या हेच करतात. त्यांचा आयटी विभाग कारखान्यातून आलेली प्रत पुसतो आणि तपासलेली स्वतःची प्रत टाकतो, किंवा आपल्याला हवी तशी प्रत थेट निर्मात्याकडून भरून घेतो. पाच माणसांच्या ऑफिसात आयटी विभाग नसतो. तिथं कारखान्यातली प्रतच वर्षानुवर्षं चालते.

'फॉरमॅट मारणं' म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण एकच शब्द वापरतो, पण त्यात तीन वेगळी कामं येतात.

पहिलं, विंडोजच्या सेटिंगमधला 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय. तो सोपा आहे. पण कारखान्यात भरलेली ॲप्स परत बसवता यावीत म्हणून निर्मात्या कंपन्या त्यांची सोय डिस्कवरच करून ठेवू शकतात. त्यामुळे रीसेटनंतर तेच सामान पुन्हा दिसलं, तर त्यात नवल नाही.

दुसरं, लॅपटॉप कंपनीनं दिलेल्या 'रिकव्हरी'तून विंडोज टाकणं. यात मशीन खोक्यातून काढलं तेव्हा जसं होतं, अगदी तसं होतं. म्हणजे ट्रायल अँटिव्हायरसही परत हजर.

तिसरं, मायक्रोसॉफ्टकडून घेतलेलं विंडोज पेन ड्राइव्हवर उतरवून, डिस्कवरचे सगळे भाग काढून टाकून, नव्यानं टाकणं. इंग्रजीत ज्याला 'क्लीन इन्स्टॉल' म्हणतात, ते हे. याआधी सांगितलेलं डेलचं सर्टिफिकेट या पद्धतीनं गेलं असतं. ट्रायल आणि जाहिरातीची ॲप्सही यानं जातात. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या शिफारशी आणि शॉर्टकट उरतात. ते हातानं काढावे लागतात.

एचपीच्या ड्रायव्हरचा प्रश्न मात्र यानंही सुटला नसता. कारण विंडोज टाकल्यावर आवाज चालू करायला त्याच वेबसाइटवरून तोच ड्रायव्हर घ्यावा लागला असता. तिथं उपाय एकच होता, दुरुस्त केलेला ड्रायव्हर.

मग सगळं पुसल्यावरही सॉफ्टवेअर परत कसं आलं?

कारण ते डिस्कवर नव्हतंच.

प्रत्येक कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर एक छोटी चिप असते. तिच्यातला प्रोग्रॅम विंडोजच्या आधी जागा होतो, कीबोर्ड-मेमरी-डिस्क तपासतो आणि मग विंडोजला हाक मारतो. याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या सवयीनं आपण त्याला 'बायोस' म्हणतो. डिस्क बदलली, फॉरमॅट केली, तरी या चिपला धक्का लागत नाही.

विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टनं 'विंडोज प्लॅटफॉर्म बायनरी टेबल' नावाची एक सोय दिली. लॅपटॉप कंपनी फर्मवेअरमध्ये एक प्रोग्रॅम ठेवू शकते आणि विंडोज सुरू होताना तो उचलून चालवतं. चोरीला गेलेला लॅपटॉप फॉरमॅट केला तरी माग काढणारं सॉफ्टवेअर टिकून राहावं, अशा कामांसाठी ही सोय होती.

२०१५च्या उन्हाळ्यात काही लेनोवो ग्राहकांच्या लक्षात आलं की विंडोज नव्यानं टाकल्यावरही लेनोवोचं सॉफ्टवेअर परत येतंय. त्यामागे फर्मवेअरमधली 'लेनोवो सर्व्हिस इंजिन' ही व्यवस्था होती. लॅपटॉपमध्ये ती 'वन-की ऑप्टिमायझर' हे ॲप उतरवून घ्यायची. त्यात सुरक्षेची त्रुटीही निघाली. मायक्रोसॉफ्टनं या सोयीबाबतचे नियम कडक केल्यावर लेनोवोनं ही व्यवस्था बंद केली आणि ती काढणारं नवं फर्मवेअर दिलं. याही वेळी थिंकपॅड मालिका त्यात नव्हती.

हा प्रकार २०१५मध्ये संपला नाही. मे २०२३मध्ये एक्लिप्सियम या फर्मवेअर सुरक्षेत काम करणाऱ्या कंपनीनं गिगाबाइटच्या मदरबोर्डबद्दल इशारा दिला. अडीचशेहून जास्त मॉडेलच्या फर्मवेअरमध्ये विंडोजमध्ये प्रोग्रॅम सोडण्याची व्यवस्था होती. तो प्रोग्रॅम पुढे इंटरनेटवरून आणखी सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचा, आणि त्यातला एक मार्ग एन्क्रिप्शन नसलेल्या साध्या पत्त्याचा होता. गिगाबाइटनं काही दिवसांतच दुरुस्त फर्मवेअर द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे या बातमीचा संबंध थेट येतो. छोट्या ऑफिसांतले अनेक डेस्कटॉप 'असेंबल' केलेले असतात. त्यात कुठल्या कंपनीची फॅक्टरी इमेज नसते, म्हणून ते कोरे आहेत असं गृहीत धरलं जातं. पण मदरबोर्ड कुठल्या ना कुठल्या कंपनीचा असतोच आणि त्याचं फर्मवेअरही.

लिनक्स वापरणाऱ्यांना ही अडचण येत नाही, कारण ही सोय फक्त विंडोज वापरतं. पण टॅली, जीएसटीची साधनं, डिजिटल सिग्नेचरचे टोकन या सगळ्यावर चालणाऱ्या ऑफिसला लिनक्सवर जाणं सोपं नाही.

सेकंड-हँड बिझनेस लॅपटॉपमध्ये वेगळं काय बघायचं?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, शिवाय कितीतरी ऑनलाइन दुकानं. मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले बिझनेस लॅपटॉप इथं कमी किमतीत मिळतात. मशीन दणकट असतात, म्हणून छोट्या ऑफिसांना ते परवडतात. पण त्यांच्यात जुन्या मालकाची खूण राहिलेली असू शकते.

पहिली खूण मायक्रोसॉफ्टच्या 'ऑटोपायलट' सेवेची. कंपन्या आपल्या लॅपटॉपची हार्डवेअर ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवतात. असा लॅपटॉप कितीही वेळा फॉरमॅट केला, तरी नव्या विंडोजला इंटरनेट मिळालं की जुन्या कंपनीचं नाव आणि तिचंच लॉगिन समोर येतं. नोंद काढण्याचा अधिकार त्या कंपनीकडे असतो. मशीनचे पैसे तुम्ही दिलेले असले, तरी त्यावर जुन्या कंपनीचं नियंत्रण राहू शकतं.

दुसरी खूण 'ॲब्सोल्यूट' या चोरीविरोधी सेवेची. अनेक नामांकित कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये तिचा एक भाग कारखान्यातूनच फर्मवेअरमध्ये बसवलेला येतो. ग्राहक कंपनीनं सेवा घेतली की तो जागा होतो, एरवी निजलेला असतो. २०१४मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांना अशा काही मशीनमध्ये तो चालू अवस्थेत सापडला होता, ज्यांच्या मालकांनी तो कधी सुरू केलेलाच नव्हता.

तिसरी गोष्ट बायोसच्या पासवर्डची. तो जुन्या मालकाचा असेल, तर फर्मवेअरचं कुठलंही सेटिंग बदलता येत नाही.

म्हणून सेकंड-हँड घेताना पैसे देण्याआधी दुकानातच मशीन रीसेट करायला सांगा. सुरुवातीच्या स्क्रीनवर इंटरनेट जोडा. परक्या कंपनीचं नाव दिसलं, तर मशीन परत द्या. बायोस उघडतोय का आणि 'ॲब्सोल्यूट' किंवा 'कॉम्प्युट्रेस' या नावापुढे काय स्थिती लिहिली आहे, तेही तिथंच बघा.

दुकानात टाकून मिळणारं विंडोज

आपल्या बाजारात 'डॉसचा लॅपटॉप' नावाचा प्रकार आहे. त्यात विंडोज नसतं, म्हणून तो काही हजारांनी स्वस्त पडतो. मग दुकानदार किंवा ओळखीतलं कुणीतरी विंडोज टाकून देतं. हे विंडोज अनेकदा क्रॅक केलेलं असतं. ते ॲक्टिव्हेट करायला एक छोटा प्रोग्रॅम चालवतात आणि तो चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करतात.

२०२१मध्ये रेड कॅनरी या अमेरिकी सुरक्षा कंपनीनं अशाच एका लोकप्रिय ॲक्टिव्हेटरच्या बनावट प्रतींबद्दल सावध केलं होतं. त्यांच्यासोबत 'क्रिप्टबॉट' नावाचा मालवेअर येत होता. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेटची माहिती चोरणं हे त्याचं काम.

ट्रायल अँटिव्हायरसची चौकट नको म्हणून असं विंडोज टाकून घेणं हा उलटा सौदा ठरतो. कारखान्यातल्या प्रतीत चूक निघाली, तर निदान जाब विचारायला एक कंपनी असते आणि ती दुरुस्तीही देते. पेन ड्राइव्हवरच्या विंडोजमागे कुणीच नसतं.

मग कोरं विंडोज टाकायचं कसं?

विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपसाठी पुन्हा लायसन्स विकत घ्यावं लागत नाही. विंडोज ८च्या काळापासून कारखान्यातून येणाऱ्या मशीनची लायसन्स-की फर्मवेअरमध्येच साठवलेली असते. त्याच आवृत्तीचं विंडोज टाकलं, म्हणजे होमच्या जागी होम आणि प्रोच्या जागी प्रो, तर इंटरनेट मिळताच ते सहसा स्वतःहून ॲक्टिव्हेट होतं.

कामाचा क्रम असा ठेवावा :

१. डेटाचा बॅकअप घ्या. मशीनसोबत ऑफिस सॉफ्टवेअर आलं असेल, तर ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलं गेलंय याची खात्री करा. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी-की लिहून ठेवा.

२. लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवर सिरियल नंबर टाकून वाय-फाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्टोरेज ड्रायव्हर दिल्याशिवाय इन्स्टॉल करताना डिस्क दिसतच नाही आणि अनेकांना वाटतं की डिस्क गेली. वाय-फायचा ड्रायव्हर नसेल, तर विंडोज ११ होम इंटरनेट मागून तिथंच अडून बसतं.

३. फर्मवेअरचं ताजं अपडेट टाका. मग बायोसच्या सेटिंगमध्ये निर्मात्याचं ॲप आपोआप उतरवण्याचा पर्याय दिसतोय का, ते बघा. गिगाबाइटमध्ये तो 'ॲप सेंटर'च्या नावानं आणि असुसमध्ये 'आर्मरी क्रेट'च्या नावानं असतो. तो बंद करा.

४. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत वेबसाइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' घ्या आणि किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवा. दुकानदाराकडून करून घेत असाल, तर हे काम तुमच्यासमोर करायला सांगा.

५. इन्स्टॉल करताना डिस्कवरचे जुने भाग काढून टाका. यात कंपनीची रिकव्हरीही जाते. ती पुन्हा लागली, तर डेल, एचपी आणि लेनोवो यांच्या वेबसाइटवरून घेता येते.

६. आधी विंडोज अपडेट चालवा. बरेच ड्रायव्हर त्यातूनच येतात. उरलेले तेवढे कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या.

७. शेवटी 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी बघा. तुम्ही न टाकलेलं निर्मात्याचं ॲप दिसलं, तर विंडोजच्या सिस्टीम-३२ फोल्डरमध्ये 'डब्ल्यू-पी-बी-बी-आय-एन' या अक्षरांची फाइल आहे का ते तपासा. ती असेल, तर फर्मवेअरमधून प्रोग्रॅम आलेला आहे आणि तिसऱ्या पायरीकडे परत जावं लागेल.

आणखी एक गोष्ट ऑफिसांत हमखास राहून जाते. विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्यानं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं, की डिस्कचं एन्क्रिप्शन बहुतेक मशीनवर आपोआप सुरू होतं. त्याची रिकव्हरी-की त्या खात्यात जाते. सेटिंग करताना दुकानातल्या मुलानं स्वतःचा ईमेल टाकला, किंवा कर्मचाऱ्यानं खासगी खातं वापरलं, तर ऑफिसच्या डेटाची किल्ली त्याच्याकडे राहते. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि एखाद्या अपडेटनंतर मशीननं की मागितली, तर फोन कुणाला करणार? म्हणून पहिलं लॉगिन ऑफिसच्या खात्यानंच करावं.

प्रत्येकानं हे करायलाच हवं का?

नाही. मशीन चांगलं चालत असेल, तर ट्रायल ॲप्स अनइन्स्टॉल करणं आणि अपडेट वेळेवर टाकणं एवढ्यानंही बरंच काम होतं.

निर्मात्याची सगळी साधनं उडवून टाकण्यालाही दुसरी बाजू आहे. फर्मवेअरची दुरुस्ती अनेकदा त्याच साधनांतून येते. पण त्या साधनांचा इतिहासही स्वच्छ नाही. २०१६मध्ये ड्युओ सिक्युरिटीनं एसर, असुस, डेल, एचपी आणि लेनोवो यांची अपडेट करणारी साधनं तपासली, तेव्हा पाचही कंपन्यांच्या साधनांत गंभीर त्रुटी निघाल्या. २०१९मध्ये तर असुसच्या अपडेट सेवेत शिरून हल्लेखोरांनी तिच्यामार्फतच मालवेअर पोहोचवल्याचं कॅस्परस्कीनं उघड केलं. त्यामुळे साधन ठेवायचं तर एकच ठेवावं आणि ते ताजं ठेवावं. काढायचं असेल, तर दोन-तीन महिन्यांनी कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन फर्मवेअरचं अपडेट बघण्याचं काम कुणाकडे तरी नेमून द्यावं.

वॉरंटीचीही अनेकांना भीती वाटते. विंडोज नव्यानं टाकल्यानं हार्डवेअरची वॉरंटी सहसा जात नाही. पण तक्रार केल्यावर सर्व्हिस सेंटर आधी फॅक्टरी इमेज टाकून बघायला सांगू शकतं. आपल्या मशीनच्या अटी एकदा वाचून घेतलेल्या बऱ्या.

मात्र ज्या मशीनवर लोकांची माहिती आहे, तिथं हा विषय 'दुकानदार बघून घेईल' म्हणून सोडता येणार नाही. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेसे सुरक्षा उपाय न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. छोट्या दवाखान्याला एवढा दंड होईल असं कुणी म्हणत नाही. पण पेशंटची माहिती फुटली, तर 'लॅपटॉपमध्ये आधीपासूनच होतं' हे उत्तर पुरेल का, हा प्रश्न आता त्या दवाखान्यापुढे आहे.

यातला बराचसा त्रास खरेदीच्या वेळीच कमी करता येतो. कोटेशन मागताना चार गोष्टी लेखी विचारायच्या : विंडोज लायसन्ससकट आहे का, होम आहे की प्रो, ट्रायल सॉफ्टवेअरशिवाय मशीन मिळेल का आणि सेकंड-हँड असेल तर जुन्या कंपनीची नोंद काढलेली आहे का. चौथ्या प्रश्नावर विक्रेता गडबडला, तर ते मशीन घेण्याआधी दुसऱ्या दुकानात विचारून बघितलेलं बरं.